स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाचे रजिस्ट्रार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई उच्च न्यायालयाच्या फायलिंग काउंटरवर ज्यांनी एकदा तरी खेटे घातले आहेत, त्यांना रजिस्ट्री, म्हणजे न्यायालयाची कचेरी, काय चीज आहे ते सांगायची गरज नाही. ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे कागदपत्रांतल्या त्रुटीवर कचेरीची हरकत, निघालं की न्यायमूर्ती कितीही चांगले असोत, प्रकरण बोर्डावर येत नाही. युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयातही अशीच एक रजिस्ट्री आहे, फक्त तिच्या हाती ४६ देशांचे दावे येतात. तिच्या प्रमुखाबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. कायद्याचे विद्यार्थी, वकील आणि युरोपात राहणारे मराठी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे न्यायालय म्हणजे हेगचं का?

नाही. हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, तिथे देश विरुद्ध देश असे खटले चालतात. तिथेच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही आहे आणि त्यात व्यक्तींवर युद्धगुन्ह्यांसारखे आरोप ठेवले जातात. युरोपीय मानवाधिकार न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, इल नदीच्या काठी आहे. तिथे साधा माणूस सरकारला खेचू शकतो.

दुसरा हमखास गोंधळ युरोपियन युनियनचा. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे. स्ट्रासबर्गचं न्यायालय 'काउन्सिल ऑफ युरोप' या वेगळ्या संघटनेचं. ही संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. तुर्कस्तान, युक्रेन, ब्रिटन, स्वित्झर्लंड हे युनियनमध्ये नसलेले देशही तिचे सदस्य आहेत. १९५० मध्ये रोममध्ये सह्या झालेल्या मानवाधिकार कराराची अंमलबजावणी बघणं हे न्यायालयाचं काम. न्यायालय उभं राहिलं १९५९ मध्ये आणि १ नोव्हेंबर १९९८ पासून ते पूर्णवेळ चालतं.

रजिस्ट्रार हे न्यायाधीश असतात का?

नसतात. त्यांना मत नाही आणि निकाल त्यांचा नाही. पण न्यायालयाचं सगळं दप्तर, कर्मचारी, पत्रव्यवहार, अभिलेख आणि कामकाजाची आखणी त्यांच्याकडे असते. नियमांच्या भाषेत, न्यायालयाला कामात साहाय्य करणं आणि अध्यक्षांच्या अधिकाराखाली रजिस्ट्री चालवणं ही त्यांची जबाबदारी. न्यायालयाकडून जाणारी आणि न्यायालयाकडे येणारी प्रत्येक अधिकृत सूचना त्यांच्यामार्फत जाते. वार्ताहरांनी माहिती मागितली तर गोपनीयता सांभाळून उत्तर देणं हेही त्यांच्याच कामात मोडतं. निकालपत्राच्या शेवटी पीठाच्या अध्यक्षांच्या सहीसोबत रजिस्ट्रीचीही सही असते.

आपल्याकडे जवळचं पद शोधायचं तर उच्च न्यायालयाचे महाप्रबंधक (रजिस्ट्रार जनरल). फरक इतकाच की आपले महाप्रबंधक बहुधा जिल्हा न्यायाधीशांच्या केडरमधून येतात आणि पुन्हा न्यायदानाकडे जाऊ शकतात. स्ट्रासबर्गला रजिस्ट्री हीच एक पूर्ण कारकीर्द आहे.

निवड कोण करतं? सरकारं की काउन्सिल ऑफ युरोप?

दोघंही नाहीत. निवड न्यायाधीश करतात, सगळे एकत्र बसून, गुप्त मतदानाने. या पदाचं वेगळेपण इथेच आहे. न्यायाधीश स्वतः काउन्सिल ऑफ युरोपच्या संसदीय सभेत निवडून येतात: प्रत्येक देश तीन नावं पाठवतो आणि सभा त्यातलं एक निवडते. तिथे राजकारणाचा वारा लागतोच. रजिस्ट्रारच्या निवडीत मात्र ना सरकारांना मत, ना संसदीय सभेला.

उमेदवार उच्च नैतिक चारित्र्याचा असावा आणि त्याला कायदा, व्यवस्थापन व भाषा या तिन्हींचं ज्ञान व अनुभव असावा, असं नियम सांगतो. भाषा म्हणजे मुख्यतः इंग्रजी आणि फ्रेंच, कारण न्यायालयाचं कामकाज या दोन भाषांत चालतं. मुदत पाच वर्षांची आणि फेरनिवड होऊ शकते. न्यायाधीशांना मात्र नऊ वर्षांची एकच मुदत मिळते. न्यायाधीश येतात आणि जातात, दप्तराची आठवण रजिस्ट्रीकडे उरते. यात सोय आहे तशी थोडी काळजीही आहे, ती पुढे येईलच.

काम पसंत पडलं नाही तर काढता येतं का?

येतं, पण सहजासहजी नाही. पदासाठी लागणाऱ्या अटी ही व्यक्ती आता पूर्ण करत नाही, असं पदावर असलेल्या निवडून आलेल्या न्यायाधीशांपैकी दोन तृतीयांशांनी ठरवावं लागतं. एखाद्या देशाचे परराष्ट्रमंत्री चिडले म्हणून रजिस्ट्रार घरी जात नाहीत.

आजवर या पदावर कोण कोण होतं?

सगळी यादी देत नाही, पण काही नावं लक्षात ठेवावीत अशी आहेत. फ्रान्सचे मार्क-आंद्रे एसाँ १९६८ ते १९९४ इतका प्रदीर्घ काळ रजिस्ट्रार होते. तेव्हा न्यायाधीश पूर्णवेळ नव्हते, बैठकीपुरते येत. त्यामुळे स्ट्रासबर्गमध्ये बारा महिने हजर असणारं न्यायालय म्हणजे व्यवहारात रजिस्ट्रार आणि त्यांची छोटी कचेरी. ब्रिटनचे पॉल महोनी २००१ ते २००५ रजिस्ट्रार होते आणि पुढे २०१२ मध्ये त्याच न्यायालयात न्यायाधीश म्हणून परतले. दप्तरातून न्यायासनापर्यंतचा हा प्रवास विरळाच. स्वीडनचे एरिक फ्रीबर्ग २००५ ते २०१५ या काळात होते. प्रलंबित प्रकरणांचा डोंगर त्यांच्याच कारकिर्दीत शिगेला पोचला आणि उतरलाही. त्यांच्यानंतर ब्रिटनचे रॉडरिक लिडेल आले. २०२० मध्ये ग्रीसच्या मारियालेना त्सिर्ली निवडून आल्या. या पदावरच्या त्या पहिल्या महिला. न्यायालय १९५९ चं आहे हे ध्यानात घेतलं तर फार उशीर झाला, असंच म्हणावं लागेल.

रजिस्ट्रीत किती माणसं काम करतात?

साधारण साडेसहाशेच्या आसपास. वकील, अनुवादक, प्रशासकीय कर्मचारी, आयटीवाले, ग्रंथपाल असे सगळे मिळून. हे लोक कोणत्याही देशाचे प्रतिनिधी नसतात. ते काउन्सिल ऑफ युरोपचे नोकर असतात आणि पक्षकाराशी किंवा सरकारशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

वकिलांची विभागणी भाषा आणि कायदेपद्धतीनुसार होते. रोमानियातून आलेला अर्ज रोमानियन भाषा आणि तिथली दंडसंहिता जाणणाऱ्याच्याच टेबलावर जातो. अर्ज कोणत्याही सदस्य देशाच्या अधिकृत भाषेत करता येतो, म्हणून ही व्यवस्था टाळताच येत नाही. पोलिश येणारे वकील कमी पडले तर जॉर्जियनवाल्यांना तिकडे वळवता येत नाही. रजिस्ट्रारची निम्मी डोकेदुखी हीच: माणसं आहेत, पण हव्या त्या भाषेची आहेत का?

याखेरीज 'ज्युरिसकन्सल्ट' नावाचं एक पद आहे. पाच वेगवेगळे विभाग एकाच मुद्द्यावर पाच तऱ्हेचे निकाल देऊ नयेत म्हणून निकालांच्या सुसंगतीवर नजर ठेवणारा हा ज्येष्ठ कायदेपंडित. नाव कुठे झळकत नाही, पण वजन मोठं.

अर्ज पोचल्यावर नेमकं काय होतं?

पाकिटावर पत्ता असतो 'द रजिस्ट्रार' या नावाने. आत ठरावीक नमुन्यातला छापील अर्ज हवा, त्यावर शाईची मूळ सही हवी आणि सोबत कागदपत्रांच्या प्रती हव्यात. मूळ कागद पाठवायचे नाहीत, कारण परत मिळत नाहीत. कागद तारखेच्या क्रमाने लावून पानांवर ओळीने आकडे घालायचे. स्टेपल मारायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, बाइंडिंग करायचं नाही. टॅग घालून, भोकं पाडून, हिरवा कागद चढवून फाइल सजवणाऱ्या आपल्या कारकुनांना हे वाचून चुकचुकल्यासारखं होईल. पण कारण साधं आहे: सगळं स्कॅन होतं. पुढे अर्जदाराला बारकोडच्या चिकटचिठ्ठ्या येतात. नंतरच्या प्रत्येक पत्रावर त्यातली एक लावायची, म्हणजे पत्र थेट आपल्या प्रकरणात जाऊन बसतं.

तक्रारीचा मजकूर छापील जागेत मावला नाही तर जास्तीत जास्त वीस पानं जोडता येतात. एकविसावं नाही. आणि मुख्य कथा अर्जातच यायला हवी, 'सविस्तर जोडपत्रात पाहा' असं म्हणून सुटका नाही.

१ जानेवारी २०१४ पासून हे नियम फार कडक झाले. रकाना कोरा राहिला, अंतिम निकालाची प्रत जोडायची राहिली, वकिलाच्या अधिकारपत्रावर सही नाही, तर अर्ज विचारातच घेतला जात नाही. नवा, पूर्ण अर्ज करावा लागतो, तोही मुदतीत. ही मुदत देशातल्या अंतिम निकालापासून चार महिन्यांची आहे. पूर्वी सहा महिने होती, १ फेब्रुवारी २०२२ पासून ती घटवली. अर्ज कधी पोचला याला महत्त्व नाही, टपालाचा शिक्का कोणत्या तारखेचा ते बघितलं जातं. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकणाऱ्याला चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही, आणि बरेच जण शेवटच्या आठवड्यातच टाकतात.

अर्ज नियमात बसला तर रजिस्ट्रीतला वकील तो वाचतो आणि कोणत्या पीठाकडे जावा याचा अंदाज बांधतो. उघडच ग्राह्य नसलेली प्रकरणं एका न्यायाधीशाकडे, ठरून गेलेल्या कायद्याची तिघांकडे, बाकीची सात न्यायाधीशांच्या पीठाकडे. फार गंभीर प्रश्न असला तर सतरा न्यायाधीशांचं महापीठ.

मग खरा निर्णय रजिस्ट्रीच घेते असं नाही का?

हा प्रश्न अर्जदारांचे वकील कुजबुजत विचारतात आणि अभ्यासक उघडपणे.

आलेल्या अर्जांपैकी फार मोठा हिस्सा, दहात नऊच्या घरात, ग्राह्य धरला जात नाही. त्यातले बहुतेक एका न्यायाधीशापुढे निकाली निघतात. त्या न्यायाधीशाच्या मदतीला 'न्यायेतर प्रतिवेदक' असतात. हे रजिस्ट्रीतले अनुभवी लोक, रजिस्ट्रारच्या शिफारशीवरून अध्यक्ष त्यांना नेमतात. टिपण ते करतात, मसुदा ते करतात, न्यायाधीश पाहून सही करतात. ज्या देशाकडून न्यायाधीश निवडून आले त्याच देशाविरुद्धचा अर्ज त्यांना एकट्याने निकाली काढता येत नाही. म्हणजे बहुतेक वेळा न्यायाधीशाला मूळ कागदांची भाषा येत नसते आणि टिपणावर अवलंबून राहण्याखेरीज इलाज नसतो.

सही न्यायाधीशाचीच असते आणि टिपण न पटल्यास ते फिरवायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे, हेही खरं. पण दिवसाकाठी ढिगाने टिपणं समोर येत असतील तर किती फिरवली जातील? माझं स्पष्ट मत असं की रजिस्ट्रारची ताकद निकाल लिहिण्यात नाही, रांग लावण्यात आहे. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जाईल, कुठल्या देशाच्या विभागाला जादा माणसं मिळतील, कुठली गठ्ठ्याने येणारी प्रकरणं एकत्र बांधली जातील, यावर हजारो लोकांचं थांबणं अवलंबून असतं. अशी ताकद न्यायाधीशांनी निवडलेल्या आणि त्यांनाच उत्तरदायी असलेल्या माणसाकडे असणं बरं. मंत्रालयाने धाडलेल्या अधिकाऱ्याकडे ती असती तर न्यायालयाला काही अर्थ उरला नसता.

एक सुधारणा मात्र फार उशिरा झाली. २०१७ पर्यंत एका न्यायाधीशाने अर्ज फेटाळला की अर्जदाराला रजिस्ट्रीचं छोटंसं साचेबंद पत्र यायचं, निर्णयाचा कागद नाही. वर्षानुवर्षं तुरुंगातून लढलेल्या माणसाला चार ओळी. आता न्यायाधीशाच्या सहीचा निर्णय सोबत येतो. कारणं अजूनही त्रोटकच असतात आणि त्यावर अपील नाही.

एके काळी दीड लाखाहून जास्त प्रकरणं तुंबली होती, ती कशी हटली?

२०११ च्या सप्टेंबरात आकडा एक लाख साठ हजारांवर होता. १९९० च्या दशकात पूर्व युरोपातले देश करारात आले, त्यांच्यासोबत तिथल्या तुरुंगांच्या, पेन्शनच्या, जप्त जमिनींच्या आणि न पाळलेल्या कोर्ट-हुकूमनाम्यांच्या तक्रारी आल्या. उघड टाकाऊ अर्जालाही तेव्हा तीन न्यायाधीश लागत. एका न्यायाधीशाची सोय करणारा चौदावा प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला दुरुस्ती-करार, तयार होता, पण रशियाने मान्यता अडवून धरली होती. शेवटी रशिया नमला आणि १ जून २०१० ला तो लागू झाला.

पण प्रोटोकॉलने काम आपोआप होत नाही. रजिस्ट्रीने २०११ मध्ये खास चाळणी विभाग काढला आणि ज्या पाच देशांतून सर्वाधिक अर्ज येत (रशिया, तुर्कस्तान, रोमानिया, युक्रेन, पोलंड) त्यांचे वकील तिथे एकत्र बसवले. सदस्य देशांकडून काही न्यायाधीश आणि सरकारी वकील डेप्युटेशनवर घेतले. २०१४ मध्ये अर्जाचे नियम आवळले. २०१५ सरेपर्यंत प्रलंबित आकडा पासष्ट हजारांच्या आसपास आला.

कौतुक करावं असंच हे काम आहे. पण खाली आलेल्या आकड्यात फेटाळलेले अर्जच फार होते. छळ, बेपत्ता माणसं, अन्यायी कोठडी अशी खरी, पुराव्यांनी जड प्रकरणं त्यानंतरही वर्षानुवर्षं थांबून राहिली. म्हणून प्राधान्यक्रमाचं धोरण आहे: जिवाला धोका असलेला अर्ज आधी, पैशाच्या वादाचा नंतर, आलेल्या तारखेशी संबंध नाही. २०२४ अखेर साठ हजारांच्या वर प्रकरणं बाकी होतीच.

न्यायाधीश निकालावर चर्चा करतात तेव्हा रजिस्ट्रार खोलीत असतात का?

असतात, किंवा त्यांच्या वतीने नेमलेलं कुणी असतं. चर्चेत भाग फक्त न्यायाधीश घेतात. गरजेपुरते रजिस्ट्रीचे अधिकारी आणि दुभाषे हजर राहू शकतात. बाकी कुणाला आत यायचं तर न्यायालयाचा खास निर्णय लागतो. आतलं बाहेर जात नाही.

तातडीचे आदेश, म्हणजे 'उद्या मला हद्दपार करणार आहेत' असे अर्ज, कोण बघतं?

नियम ३९ खाली असे अर्ज येतात. निर्णय त्यासाठी नेमलेले न्यायाधीश देतात, पण फोनची पहिली घंटा रजिस्ट्रीत वाजते. ई-मेलने अर्ज चालत नाही. ठरवून दिलेला ऑनलाइन मार्ग, फॅक्स किंवा टपाल. एकविसाव्या शतकात फॅक्स अजून जिवंत असलेल्या मोजक्या जागांतली ही एक.

१४ जून २०२२ ची संध्याकाळ गाजली. ब्रिटनहून आश्रयार्थींना रवांडाला नेणारं विमान धावपट्टीवर तयार होतं. स्ट्रासबर्गहून एका इराकी माणसासाठी आदेश निघाला आणि रात्री ते विमान उडालंच नाही. आदेश देणाऱ्या न्यायाधीशाचं नाव का सांगत नाहीत, म्हणून ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. पुढे नियम बदलले आणि आता नाव जाहीर होतं.

न्यायालयाला पैसा कोण देतं?

काउन्सिल ऑफ युरोप, म्हणजे सदस्य देशच. जे देश रोज प्रतिवादी म्हणून उभे राहतात, तेच अंदाजपत्रक मंजूर करतात. मागणी मांडताना रजिस्ट्रारला ही कसरत दरवर्षी करावी लागते.

रशिया बाहेर पडल्यावर तिथली प्रकरणं संपली का?

नाही. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर १६ मार्च २०२२ ला रशियाला काउन्सिल ऑफ युरोपमधून काढलं आणि १६ सप्टेंबरपासून तो करारातूनही बाहेर गेला. पण त्या तारखेपर्यंत घडलेल्या घटनांवर न्यायालयाचा अधिकार कायम आहे. तेव्हा रशियाविरुद्ध सुमारे सतरा हजार अर्ज पडून होते. रशियन सरकारने उत्तरं देणं बंद केलं. रजिस्ट्रारची पत्रं जात राहिली, पलीकडून काही आलं नाही. न्यायालय एकतर्फी का होईना, निकाल देत आहे.

निकाल एखाद्या देशाने पाळला नाही तर रजिस्ट्रार काय करू शकतात?

काहीच नाही. अंमलबजावणी बघायचं काम सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या समितीचं.

इतर खंडांतल्या मानवाधिकार न्यायालयांत हेच पद असतं का?

असतं, पण काम बरंच वेगळं. अमेरिका खंडातलं न्यायालय कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात आहे. तिथे पदाचं नाव 'सचिव' आणि निवड न्यायालयच करतं. चिलीचे पाब्लो सावेद्रा अलेस्सांद्री २००४ मध्ये या पदावर आले. सात न्यायाधीश सत्रापुरते जमतात, मधल्या काळात कचेरी चालते ती सचिवांच्या हाती. एसाँच्या काळातल्या स्ट्रासबर्गसारखीच परिस्थिती. शिवाय आपल्या निकालांची अंमलबजावणी हे न्यायालय स्वतःच तपासतं, त्यामुळे सचिवालयावर तोही भार असतो.

आफ्रिकेचं न्यायालय टांझानियात अरुशाला आहे. न्यायाधीश अकरा, त्यात पूर्णवेळ फक्त अध्यक्ष. व्यक्तींनी थेट अर्ज करायला तिथे संबंधित देशाचं वेगळं संमतिपत्र लागतं. रवांडाने २०१६ मध्ये ते मागे घेतलं, टांझानियाने २०१९ मध्ये, आणि २०२० मध्ये बेनिन व कोत दिव्हारने. ज्या देशात न्यायालयाची इमारत आहे आणि ज्याच्याविरुद्ध सर्वाधिक अर्ज होते, त्यानेच दार लावून घेतलं. स्ट्रासबर्गच्या रजिस्ट्रारला अर्जांच्या पुराची चिंता, अरुशाच्या रजिस्ट्रारला दार उघडं राहील का याची.

आशियात असं न्यायालयच नाही.

भारतीयांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध कमी, पण आहे. करार नागरिकत्व विचारत नाही. जर्मनीत नोकरी करणारा पुण्याचा इंजिनिअर किंवा पोर्तुगालमधला गोवेकर, तिथल्या सरकारने हक्क डावलला आणि तिथली सगळी न्यायालयं करून झाली, तर स्ट्रासबर्गला जाऊ शकतो. मराठीतला अर्ज मात्र चालणार नाही.

गाजलेलं प्रकरण करमजीतसिंग चहल यांचं. ब्रिटन त्यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून भारतात पाठवू पाहत होतं आणि त्यांना सहा वर्षं कोठडीत ठेवलं होतं. भारतात छळाचा खरा धोका आहे, तेव्हा सुरक्षेचं कारण पुढे करूनही पाठवता येणार नाही, असं न्यायालयाने १५ नोव्हेंबर १९९६ रोजी बारा विरुद्ध सात मतांनी ठरवलं. हद्दपारीच्या कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतात.

मराठी वाचकाला इथे १९१० सालचं मार्सेय आठवेल. सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली, फ्रेंच किनाऱ्यावर पकडून त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं गेलं आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल लागला तो फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात. ज्याच्या सुटकेचा प्रश्न होता तो माणूस पक्षकारच नव्हता, त्याच्या नावाने कुणी अर्ज नोंदवून घेतला नसता. स्ट्रासबर्गला आज तुरुंगातला कैदी स्वतःच्या सहीने अर्ज धाडतो आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो.

भारतीय वकिलाला तिथे नोकरी मिळू शकते का?

कायम पदावर नाही. त्यासाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, आणि वकिलाच्या जागेसाठी त्या-त्या देशाच्या कायद्याची पदवीही. फ्रेंच किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या, तिथेच कायदा शिकलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला अडचण नाही. इंग्रजी उत्तम असून फ्रेंच कच्चं असेल, तर आधी फ्रेंच पक्कं करावं. महत्त्वाची निकालपत्रं दोन्ही भाषांत मोफत वाचायला मिळतात, सराव तिथूनच सुरू करता येईल.